दिवाळसणाचा बंब

१९४६ साल. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि सांगली-सातारा दोन्ही मिळून बंबातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं माझं मत होतं. ते मत आजही आहे. कुणाला पटत नसेल तर त्यानं आपला बंब घेऊन यावं.

हल्ली भिंतीवर पांढरा डबा असतो, बटण दाबलं की पाणी तापतं, आणि नाही तापलं तर माणूस बोलवायचा. आमच्या वेळी बंब म्हणजे तांब्याचा उभा पिंप. मधोमध आरपार नळकांडं. नळकांड्यात खाली जाळी, जाळीवर विस्तव, विस्तवाभोवती पाणी. वरच्या बाजूला एका तोंडानं पाणी ओतायचं, खालच्या तोटीनं गरम पाणी काढायचं. एवढंच यंत्र. पण एवढ्या यंत्रात घरातली सगळी माणसं सकाळी सकाळी भांडायला लागतील इतक्या खोड्या असतात. धूर होतो, गळतो, गुरगुरतो, पाणी कोमट देतो, राख तुंबते, तोटी अडते. मला त्या सगळ्या माहीत होत्या, कारण पलटणीत मी बंदूक कमी आणि बंब जास्त चालवला.

चौथी सुटली तशी माझी शाळा सुटली. फौजेत गेलो तर शरीर बघून मला अंघोळीच्या गाडीवर टाकलं. लॉरीवर मोठा बंब, बाजूला कापडी तंबू, तंबूत नळ. लढाईवरून आलेली माणसं चिखलानं भरलेली यायची आणि अर्ध्या तासानं गोरीपान होऊन बाहेर पडायची. आधी मिसरात, मग इटलीत, मी हजारो माणसांना अंघोळ घातली. त्यात मराठे होते, शीख होते, गोरे होते. अंगावर गरम पाणी पडलं की सगळे एकच आवाज काढतात, हे मी कानानं ऐकलंय. एकदा बंब पेटेना म्हणून आमचा सुभेदार चिडला होता. मी धुराडं उतरवलं तर आत त्याचेच मोजे निघाले. वाळत घातले होते, आत पडले. मी मोजे धुऊन दिले.

लढाई संपली, मला घरी सोडलं. आणि त्या दिवाळीला मी सासुरवाडीला निघालो, तेव्हा माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक बायको आणि एक न्हाणीघर.

बायकोचं असं, की मी मधे रजेवर आलो तेव्हा आमचं लग्न लागलं आणि हळद निघायच्या आत रजा संपली. ती माहेरी राहिली, मी समुद्रापलीकडं. पहिला दिवाळसण झालाच नव्हता, तो आता होणार होता. दिवाळसण करायचा आणि तिला घेऊन यायचं, असं मी ठरवूनच निघालो होतो. न्हाणीघराचं असं, की कऱ्हाडजवळ मलकापुरात, पुणं-बेंगळूर रस्त्याला लागून, एक पडीक शेड मी बघून ठेवली होती. रात्रभर लॉरी हाकून आलेल्या ड्रायव्हरला गरम पाण्याची अंघोळ आणि वर कपभर चहा. हा धंदा तिकडं कुणीच करत नव्हतं. मला तो डोळ्यांसमोर चालताना दिसत होता, वाफेसकट.

सासरे सांगलीच्या पलीकडे कृष्णाकाठचे. उसाचं रान, स्वतःचं गुऱ्हाळ. बोलणं कमी आणि नजर जास्त. मी पोचलो, पाय धुतले, ओसरीवर बसलो, आणि चहा संपायच्या आत त्यांनी विचारलं,

"मग पावणं, आता काय ठरवलंय?"

मी सगळं सांगितलं. शेड, रस्ता, ड्रायव्हर, चहा. सांगता सांगता माझे हात हवेत बंब काढत होते. माझा मेव्हणा खांबाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "दाजी, साबण तुमी लावणार का त्यो डायवर आपला आपून लावून घेणार?"

"तू आलास तर तुला लावीन," मी म्हणालो.

सासरे हसले नाहीत. "नदी सोडून लोक पैसं देऊन अंगूळ करणार?"

"मामा, कार्तिकाच्या थंडीत नदीत कोण उतरतंय? रातभर गाडी हाकून अंग आंबलेलं असतंय."

"व्हय. आणि माझी लेक तितं काय करायची? लाकडं सारायची?" त्यांनी पानाची चंची उघडली, चुना लावला, पान मिटलं, तोंडात टाकलं. एवढा वेळ मी थांबून होतो. "तुमचं आधी बसू द्या. बसलं म्हंजी लेक पाठवतो. तवर ऱ्हाऊ द्या हितंच."

दाराआड बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या.

रागानं कान तापले. वर्षानुवर्षं मी माणसांना पाणी तापवून दिलं, आणि या घरात तो धंदा म्हणून सांगितला की लोक हसतात. मी मनात म्हटलं, हिला घेतल्याशिवाय मी या गावातून हलत नाही. पण कसं, ते काही कळत नव्हतं.

आता बंबाचं सांगतो. माझ्या दिवाळसणासाठी सासऱ्यांनी मुद्दाम बंब घेतला होता. सांगलीतले एक वकील गाव सोडून चालले होते, त्यांच्या घरचा जुना, पण भारी तांब्याचा. तोवर त्या घरात तीन दगडांच्या चुलवणावर हंडा तापायचा. जावयाला वाफाळलेल्या पाण्याची अंघोळ घालायची आणि गावानं बघायचं, असा बेत. त्या गल्लीत दुसरा बंब नव्हता. येणारा जाणारा न्हाणीत डोकावून जात होता.

माझी सासू जतकडची. तिच्या माहेरात कानडी बोलतात. तिकडं चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. अंघोळीचं भांडं घासायचं, त्याला चुन्याचे आणि तांबड्या कावेचे पट्टे ओढायचे, गळ्यात वेल बांधायचा, आत नवं पाणी भरायचं आणि हळदकुंकू वाहून त्याची पूजा करायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं या घरात हंड्याची ती पूजा कधी चुकवली नव्हती. यंदा हंड्याच्या जागी बंब आला, एवढाच फरक. संध्याकाळी मेव्हणा मला गुऱ्हाळ दाखवायला घेऊन गेला, आणि आम्ही परत आलो तोवर पूजा झाली होती. बंब नवरदेवासारखा दिसत होता. अंगावर पट्टे, गळ्यात वेल, पुढं रांगोळी. तो डुगडुगू नये म्हणून सासूनं खालून शेणामातीनं गोल लिंपून जमिनीशी एक करून टाकला होता.

मी दारातूनच बघितलं. जावयानं न्हाणीत शिरून बंब वाजवून बघणं शोभत नाही. शोभत नाही म्हणून मी मागं फिरलो.

पहाटे उठवलं. दिवस उगवायच्या आत अंघोळ झाली पाहिजे, नाहीतर नरकात जागा धरून ठेवतात, असं त्या दिवशी सगळे म्हणतात. बाहेर गारठा होता. गल्लीत फटाके सुरू झाले होते. मला माजघरात पाटावर बसवलं. मेव्हण्यानं पाठीला तेल लावलं, म्हणजे पाठीवर सूड उगवला. मग उटणं. मग सासूनं औक्षण केलं आणि बजावलं, "आता पाटावरनं उठायचं न्हाई हं जावईबापू. अंगावर पाणी पडल्याबिगर उठलं तर चांगलं नसतंय."

मी बसलो. तेलानं चकचकीत, उटण्यानं पिवळा. मेव्हणा बंब पेटवायला गेला आणि थोड्याच वेळात खोकत परत आला. त्याच्या मागोमाग धूर आला. धूर न्हाणीतून माजघरात, माजघरातून ओसरीवर. सासरे ओसरीवरून ओरडले, "काय जाळताय रं? घर का बंब?"

"पेटना झालाय," मेव्हणा डोळे पुसत म्हणाला.

"काय घातलंस?" मी पाटावरून विचारलं.

"चिपाडं. चांगली गच्च ठासून भरली."

उसाचं चिपाड गुऱ्हाळाच्या चुलीत चांगलं जळतं, कारण ती चूल भुयाराएवढी असते. बंबाच्या नळकांड्यात चिपाडं ठासली की ती बुचासारखी बसतात. पण नुसत्या ठासण्यानं एवढा धूर होत नाही. वरून कोंडलं तर विस्तव विझतो; असा नुसता धुमसत राहिला म्हणजे त्याला खालून वारा मिळत नाही. मला ते लिंपण आठवलं.

मी पाटावरून उठलो.

सासूच्या हातातलं तबक वाजलं. "आवं, उठला की वो. ब्याडा, ब्याडा," ती म्हणाली. तिच्या माहेरच्या बोलीत ब्याडा म्हणजे नको.

"मामी, नरकात मी एकटा जाईन, तुमी खोकू नका," मी म्हणालो आणि न्हाणीत शिरलो.

खुरपं मागितलं. बंबाच्या खालच्या लिंपणावर पहिला घाव घातला तेव्हा सासूच्या तोंडून आवाज निघाला तो मी आजही काढून दाखवू शकतो. सणाच्या दिवशी, ताज्या सारवणावर, जावई खुरपं चालवतोय. पण बंबाचे पाय असतात ते उगाच नसतात. त्या पायांतून वारा आत जातो, जाळीतून वर चढतो आणि विस्तव धरतो. चुलीला लिंपायचं, बंबाला लिंपायचं नाही. चूल तोंडानं श्वास घेते, बंब पायानं. मी तीन बाजूंनी फोडून काढलं, अर्धी चिपाडं ओढून बाहेर फेकली, मूठभर राहू दिली, वर बाभळीच्या ढलप्या टाकल्या आणि खाली वाकून फुंकर घातली. तेलकट तोंडाला राख चिकटली. दुसऱ्या फुंकरीला जाळ धरला. नळकांडं असं घुमायला लागलं की माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. इटलीनंतर तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"दाजी, तोंड बघा आरशात," मेव्हणा म्हणाला.

"तू तुझे डोळे पूस आधी."

धूर सरळ वर निघाला. सासरे दारात येऊन उभे होते. त्यांनी धुराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पण परत ओसरीवर गेले नाहीत. गल्लीतले दोघंचौघं मागच्या दारानं आत आले होते. त्यांच्या अंघोळी झाल्या होत्या, केस ओले, कपाळाला गंध. एकजण म्हणाला, "आमचा हंडाच बरा बाबा. जावई राखंत लोळवाय लागत न्हाई."

सासऱ्यांच्या जबड्याचं हाड हललं. मला कळलं की आता नुसता माझा प्रश्न राहिला नाही. बंब त्यांनी आणला होता.

आणि तेवढ्यात बंब गळायला लागला.

तोटी जिथं बंबाच्या अंगाला जोडलेली असते तिथून थेंब. मग धार. वकिलाच्या घरी कित्येक दिवस कोरडा पडून असणार, डाग, म्हणजे कथलाचा जोड, उकललेला असणार, पाणी तापून तांबं फुगलं तशी फट बोलायला लागली. जोडाचा डाग गेला तर खरं औषध तांबट. पण दिवाळीच्या पहाटे तांबट स्वतःच्या घरी तेल लावून बसलेला असतो. पलटणीत आम्ही सुतळी आणि फटी बुजवायची लांबी वापरायचो. इथं लांबी कुठली?

"चुना द्या," मी सासऱ्यांना म्हणालो.

"काय?"

"चंचीतला चुना. सगळा. आणि गूळ आणा, नवा, मऊ असंल तो."

"आता पान खाणार काय पावणं?" तो मघाचाच माणूस म्हणाला.

गूळ-चुन्याची गोष्ट मला पलटणीनं शिकवली नाही. ती माझ्या आईची. फुटक्या रांजणाला ती गूळ आणि चुना मळून लावायची. तो गोळा वाळला की दगड होतो. हे घर तर गुळाचं. सासऱ्यांनी चंची माझ्या हातात दिली, अख्खी. त्यांनी ती दुसऱ्याच्या हातात दिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. मी उकिडवा बसून गूळ आणि चुना तळहातावर मळला. चुन्यानं हात पोळतो, पोळला. सुतळीसारखं जाड सूत त्यात बुडवलं, तोटीच्या बुडाशी घट्ट वेढे दिले, वरून गोळा थापला आणि अंगठ्यानं दाबून धरला. तांबं तापलेलं, अंगठा भाजत होता. मी सोडला नाही. सोडला असता तर सगळ्यांनी बघितलं असतं.

धार थांबली, थेंब झाला. थेंब थांबला, ओल राहिली. मग ओलही वाळली.

"थांबलं," मेव्हणा हळूच म्हणाला. पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

बाहेर पूर्वेला उजळत होतं. पाणी आता चांगलं तापलं होतं, वरच्या तोंडातून वाफ येत होती. मी उठलो, छाती पुढं काढली, आणि सगळ्यांच्या देखत तोटी फिरवली. तांब्याभर पाणी आलं, वाफाळलेलं. मग बारीक झालं. मग बंद.

मागच्या दारातल्या माणसानं घसा साफ केला. एवढंच केलं, पण मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"खार," मी जाहीर केलं. "जुना बंब हाय. विहिरीच्या पाण्याचा खार तोटीत बसलाय." ते मी इतक्या खात्रीनं सांगितलं की स्वतःलाही पटलं. तार मागवली, तोटीच्या तोंडातून आत सारली. पाणी आलं. तार काढली, पाणी बंद. पुन्हा सारली, आलं. काढली, बंद. आता खार असा वागत नाही. खार एकदा टोचला की निघतो, नाहीतर निघतच नाही. पण मी जाहीर केलं होतं ना. म्हणून मी तार सारतच राहिलो, आणि दिवस उगवतच राहिला.

"न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या पावणं," सासरे म्हणाले. आवाज नरम होता, आणि तेच मला खुपलं. "चुलवणावर हंडा ठेवू. हुईल उशीर जरा."

"जमंल," मी म्हणालो.

"दिवस वर आला."

"येऊ द्या की."

तेव्हा माझ्या मागून आवाज आला. "आवं, तार नगा घालू. आत पान हाय."

सगळे वळले. माझी बायको दारात उभी होती, पदर खोचलेला, कपाळावर तेल. बापासमोर, भावासमोर, परक्या माणसांसमोर तरणी लेक नवऱ्याशी बोलत नसते त्या काळी. लग्नापासून माझ्याशीच ती किती बोलली होती, हे मला विचारू नका.

"कसलं पान?" मी विचारलं.

"इड्याची पानं. काल आईनं पाणी भरताना आत सोडली. सुपारी बी हाय, हळकुंड बी." ती आईकडं न बघता म्हणाली. "हंड्यात सोडतोय तसं."

सासू म्हणाली, "सोडत्यातच की. पानाबिगर पाणी भरत्यात व्हय?"

हंड्यात वरून तांब्या बुडवायचा, पान बाजूला सरायचं. कुणाचं काही अडत नाही. पण बंबाला खाली तोटी. पाणी तोटीकडं धावायला लागलं की पान त्याच्याबरोबर येणार आणि भोकावर झाकणासारखं बसणार. तारेनं ढकललं की हलतं, तार निघाली की पुन्हा बसतं. मला क्षणात सगळं दिसलं. आपल्याला हे आधी दिसलं नाही याचा राग आला आणि हिला दिसलं याचा आनंद झाला, आणि दोन्ही एकदम झालं.

"तुरकाठी आण," मी तिला म्हणालो. मेव्हणा धावला, पण ती आधी पोचली. मी तोटी बंद केली. "आता बघ. मी बंद ठेवतो, म्हंजी आत ओढ न्हाई. पान सुटतंय. तू वरनं काठीनं हलव आणि वर काढ. हात भाजंल, जपून."

"भाजतंय तर भाजू द्या," ती म्हणाली आणि बंबाच्या तोंडावर वाकली. वाफेत तिचा चेहरा दिसेना. काठी आत फिरत होती, तांब्यावर खटखट वाजत होती.

"आलं," ती म्हणाली. काठीच्या टोकाला शिजलेलं, काळं पडलेलं पान लोंबत होतं. तिनं ते भिंतीवर झटकलं. "सोडा आता."

मी सोडली. धार आली, बारीक झाली.

"आजून एक हाय. बंद करा."

मी बंद केली. पुन्हा काठी. पुन्हा पान. "सोडा." सोडली. "बंद करा." केली. मला आयुष्यात सुभेदारानंसुद्धा इतक्या वेळा हुकूम दिला नव्हता आणि मी इतक्या झटपट ऐकला नव्हता. आम्ही दोघंही हसायला लागलो होतो. का ते सांगता येणार नाही. ती वर, मी खाली, मधे पेटलेला बंब. मागे सगळं घर उभं होतं आणि आम्हाला त्याचं भान नव्हतं.

शेवटचं पान निघालं आणि तोटीतून मनगटाएवढी धार पडली. घंगाळ वाजलं. न्हाणी वाफेनं भरली. गल्लीतला तो माणूस पुढं आला, धारेखाली बोट धरून बघितलं आणि झटकन मागं घेतलं. "चटका बसतोय की रं," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर माझ्याइतकाच आनंद होता.

सासूनं मला पुन्हा पाटावर बसवलं, पुन्हा ओवाळलं, म्हणजे आधीचं उठणं पुसलं गेलं. अंगावर पहिला तांब्या पडला. मी तोच आवाज काढला, जो मराठे काढतात आणि गोरे काढतात. मग मेव्हणा, मग घरातली बाकीची. सासरे सगळ्यांच्या शेवटी आले. तोवर सूर्य आंब्याच्या शेंड्याला लागला होता, पण त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. बंबातून अजून तितकंच कडकडीत पाणी येत होतं. मी दारात उभा राहून ढलप्या घालत होतो, जावई असून, आणि मला कुणी हटकलं नाही.

अंघोळ करून ते बाहेर आले. पाठ लाल झाली होती. "पानी कडक हाय," ते म्हणाले.

फराळाला बसलो. मी खाली मान घालून करंजी खात होतो आणि आतून नुसता उकळत होतो. विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. एकदा विचारलं, एकदा नाही म्हणाले, पुन्हा विचारणारा मी नव्हे. चकली संपली, अनारसा संपला. सासरे पाणी प्याले. मग त्यांनी माझ्याकडं न बघता दाराकडं बघून विचारलं,

"जायाचं का गं तुला, मलकापूरला?"

दाराआडून उत्तर लगेच आलं. "जाती की." आणि मग, "तितं बंब केवढा हाय?"

"ह्याच्या दुप्पट आणणार हाय," मी म्हणालो. तोंडात घास होता.

"मग दोन तोट्या लावा," ती आतून म्हणाली. "एक तुंबली तर एक चालंल."

मेव्हणा हसता हसता ठसकला. सासरे हसले नाहीत, पण त्यांनी सासूकडं वळून सांगितलं, "औंदा एकाच दिशी आलंय सगळं. आज रातच्याला लक्ष्मीपूजन हुईल. उद्या पाडवा, चांगला दिस हाय. पोरीची पेटी काढून ठेवा." मग मला, "आणि पावणं, तुमचं न्हाई चाललं तर हिकडं या. गुऱ्हाळाला मानूस लागतोय."

"चालंल," मी म्हणालो.

"ऐकतोय की. पण या."

सासू पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडत होती का हसत होती, मला कळलं नाही. मी दिवसभर त्या घरात चालत नव्हतो, तरंगत होतो. दुपारी तीनदा न्हाणीत जाऊन गूळ-चुन्याचा जोड बोटानं दाबून बघितला. दगड झाला होता.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मी सगळ्यांच्या आधी उठलो. जाळीतली राख काढली, बंबात पाणी भरलं, आत पान-सुपारी नाही ना हे दिवा धरून बघितलं, आणि मूठभर चिपाडावर बाभळीच्या ढलप्या रचून पेटवला. घर जागं झालं तोवर पाणी उकळत होतं. पाडव्याला बायकोनं नवऱ्याला न्हाऊ घालायचं असतं, ते नंतर झालंच. पण पहिली बादली मी हिच्यासाठी काढली, न्हाणीत नेऊन ठेवली, आणि सासऱ्यांच्या देखत तिला हाक मारली.